कुंकू, केस आणि चारचौघे

पंढरपूरला आगगाडीने जाणाऱ्या माणसाला मोडनिंब चुकत नाही. कुर्डुवाडीहून सुटलेली गाडी माढा तालुक्यातलं हे गाव घेऊनच पुढे जाते. बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी ते पंढरपूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग १९०६ साली सुरू केला आणि वारकऱ्यांची पायपीट थोडी हलकी झाली. त्या चिमुकल्या डब्यांतून त्या काळी कोण कोण गेलं असेल, ते जरा डोळ्यांपुढे आणा. टाळकरी, धान्याचे व्यापारी, नवस फेडायला निघालेली जोडपी. आणि त्यांच्यातच, तांबडं आलवण डोक्यावरून घट्ट ओढून कोपऱ्यात बसलेल्या विधवा बायका. हातात बांगडी नाही, कपाळावर कुंकू नाही, डोक्यावर केस नाहीत. अशा बाईला तिची हकिकत कोणी विचारत नसे. विचारायची गरजच नव्हती. समाजाने ती तिच्या अंगावर लिहूनच ठेवली होती.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या लिहिण्याबद्दल आणि वाचण्याबद्दल. बाईच्या रूपावरून तिचा निवाडा करण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास म्हणजे किल्ले, तह, लढाया. पण असं पाहा, ज्या गोष्टीसाठी सभा भरल्या, पुस्तकं निघाली, ठराव झाले, बायकांनी शिव्याशाप खाल्ले आणि काहींनी जीवही दिला, ती गोष्ट इतिहासाची नव्हे तर कशाची? आणि या इतिहासातली कितीतरी पानं मोडनिंबाच्या आसपासच्या मुलुखात सापडतात. म्हणून फार लांब न जाता इथूनच सुरुवात करू.

मोडनिंबाजवळ अरण हे गाव आहे. सावता माळ्याचं गाव. पंढरीला न जाता आपल्या मळ्यातच ज्याला विठ्ठल भेटला, तो हा संत. माणसाची ओळख त्याच्या कामातून पटते, असं सांगणारी ही भूमी आहे. त्याच काळात, तेराव्या-चौदाव्या शतकात, पंढरपुरात नामदेवांच्या घरी जनाबाई राबत होती. ती मूळची गंगाखेडची. पोरकी, परक्या घरची दासी. दळण, कांडण, शेण, पाणी हा तिचा दिवस. अशा बाईच्या रूपाकडे चारचौघं कशा नजरेने पाहत असतील, ते सांगायला नको. अंगावर जुनेर, डोक्यात धूळ, केसांना कित्येक दिवसांत फणी नाही.

आता लोकांनी तिच्याबद्दल जी कथा सातशे वर्षं जपली ती बघा. विठ्ठल स्वतः येऊन जनीची वेणीफणी करतो. तिच्या केसांतला गुंता सोडवतो, तिला न्हाऊ घालतो, जात्याच्या खुंट्याला हात लावतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला आजही जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. कथा भाविकांची आहे, ती मोजपट्टीने मोजू नये. पण तिच्यातला अर्थ सरळ आहे. देवाने जनीला ‘आधी नीटनेटकी हो, मग माझ्याकडे ये’ असं म्हटलं नाही. विस्कटलेल्या केसांनिशीच तिला जवळ केलं. आणि जनाबाई स्वतः? ती अभंगांच्या शेवटी आपलं नाव अभिमानाने ‘नामयाची दासी’ असं लावते. डोक्यावरचा पदर ढळला तरी भर बाजारातून उघड जाण्याची भाषा करते. लोक काय म्हणतील याचा हिशेब तिने एकदाच केला आणि मिटवून टाकला.

पण नुसतं कुरूप ठरवलेल्या बाईलाच हा जाच होता असं समजू नका. सुंदर ठरवलेल्या बाईची गत आणखी वाईट झालेली आहे. पंढरपूरच्या पलीकडे मंगळवेढा आहे. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा ही तिथली. श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी, रूपाने अशी की गावोगाव बोलबाला. आईची इच्छा, मुलीने राजदरबारी जावं. कथा सांगते की कान्होपात्रेने अट घातली: माझ्या रूपाच्या तोडीचा पुरुष दाखवा, त्यालाच मी वरीन. तसा कोणी मिळाला नाही. ती वारकऱ्यांबरोबर पंढरीला गेली आणि तिथेच राहिली. पुढे बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, शिपाई आले. तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि प्राण सोडला. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड तिचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. नारायण विनायक कुलकर्णी यांनी तिच्यावर लिहिलेलं ‘संगीत कान्होपात्रा’ हे नाटक १९३१ साली रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांनी ती भूमिका केली आणि मंगळवेढ्याची ही मुलगी घरोघर पोचली.

त्या अटीकडे पुन्हा एकदा पाहा. जगाने तिला तिच्या रूपाची किंमत सांगितली. तिने ती मोजपट्टी उलटी धरली आणि जगालाच मोजलं. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर मान खाली घालून बसण्याची ज्या समाजात रीत, त्या समाजाच्या कथेत एक मुलगी पुरुषांच्या रूपाची परीक्षा घेते आणि सगळ्यांना नापास करते!

जनाबाई आणि कान्होपात्रा यांना शेजारी ठेवलं की एक गोष्ट कळते. समाज बाईला दोनच हुकूम देतो. एक ‘दाखव’, दुसरा ‘झाक’. लग्नाआधी दाखव. ‘मुली, जरा चालून दाखव. केस मोकळे सोड, लांबी बघू. सुईत दोरा ओव.’ रंग उजळ की सावळा, नाक सरळ की बसकं, याची भर बैठकीत चर्चा. आणि नवरा गेला की त्याच क्षणी हुकूम फिरतो. झाक. पुस कुंकू, फोड बांगड्या, काढ ते केस. बैठकीत ज्या केसांची लांबी पाहिली, तेच केस न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली जायचे. या दोन्ही हुकुमांत समान काय असेल तर हे, की तिला कोणीच विचारलं नाही.

केशवपनाची ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि तत्सम जातींत होती. इतर अनेक जातींत पाट किंवा म्होतूर लावण्याची मुभा होती, वस्तरा नव्हता. पण बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, हळदीकुंकवाला न बोलावणं, शुभकार्यात मागे उभं करणं, हे सगळीकडेच होतं. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कागदावर वाट मोकळी झाली, तरी चारचौघांच्या डोळ्यांवर कायदा चालत नाही.

याचे परिणाम किती दारुण होत, ते पंढरपूरने पाहिलं. यात्रेच्या गावी लांबलांबून विधवा येत. काहींना फसवणुकीतून दिवस गेलेले असत. लोकलज्जेपायी मूल टाकलं जाई, कधी मारलंही जाई. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली अशा स्त्रियांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचं बालकाश्रम सुरू झालं. पुढे ते वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. विचार करा, जिचं रूप मुद्दाम विद्रूप केलं ते कोणाची नजर पडू नये म्हणून. पण नजरा काही थांबल्या नाहीत. वस्तरा फिरला तो तिच्या डोक्यावर. ज्यांच्या नजरेचं भय होतं त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

नेमका हाच सवाल एका बाईने छापून विचारला. ती बुलढाण्याची ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. त्यावर ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. नवरा मेला म्हणून बायकोने केस काढायचे, तर बायको मेली म्हणून पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. हसू येतं ना? पण हसून झाल्यावर उत्तर द्यायला जावं, तर उत्तर सापडत नाही. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली.

पुढच्या दहा वर्षांत हा विषय जिकडेतिकडे झाला. आगरकरांनी ‘सुधारक’मधून केशवपनावर कोरडे ओढले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतल्या यमूच्या डोक्यावर बळजबरीने वस्तरा फिरला, तेव्हा कितीतरी घरांत वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले असतील. आणि १८९० साली मुंबईत एक विलक्षण घटना घडली. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने न्हावी समाजाच्या मंडळींनी सभा घेतली आणि विधवांचे केस आम्ही काढणार नाही असं ठरवलं. ज्यांची त्यावर मिळकत होती, तीच माणसं म्हणाली, हे पाप आमच्या हातून नको. शास्त्राचा खल करणाऱ्या पंडितांना जे सुचलं नाही, ते हातात वस्तरा धरणाऱ्याला सुचलं. याचं कारण साधं आहे. केस काढताना त्या पोरींचं रडणं त्याने ऐकलेलं होतं.

इथवर दुसऱ्यांनी काय केलं ते पाहिलं. पण ज्या बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरला, तिने स्वतःकडे कसं पाहिलं? त्यासाठी पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगायला हवी. जन्म १८७० चा, माहेर कोकणातलं देवरुख. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या बाया कर्वे म्हणजे पार्वतीबाईंची बहीण. बहीण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, पुन्हा कुंकू लावून संसाराला लागली. पार्वतीबाई मात्र ऐन विशीत विधवा झाल्या आणि त्यांनी पुनर्विवाह केला नाही. कर्व्यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला त्यांनी वाहून घेतलं. आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला त्या गावोगाव हिंडल्या. सोवळ्या वेषातली, केशवपन केलेली बाई सभेत उभी राहून बोलते, हेच लोकांना नवल होतं. जिचं तोंड सकाळी दिसू नये म्हणत, ती बाई लोकांना तोंड दाखवून, त्यांच्याकडे पाहून, विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागत होती.

पुढे, पुरता विचार करून, पार्वतीबाईंनी वपन बंद केलं आणि केस वाढू दिले. त्यावर लोकांनी नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली. १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरची कामं केली. ‘माझी कहाणी’ या १९२८ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं साध्या शब्दांत सांगितलं आहे. मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. केस नव्हते तेव्हा त्या लाजून घरात बसल्या नाहीत, आणि केस वाढवले तेव्हा कोणाची परवानगी मागितली नाही. दोन्ही रूपांत बाई तीच होती. आपण स्वतःला पत्करणं म्हणतो ते याहून निराळं काय असतं?

आता पुन्हा मोडनिंबाकडे वळू. विधवेची बाजू पाहिली, ती ‘झाक’ या हुकुमाची. ‘दाखव’ या हुकुमाखाली जगलेल्या बायकाही याच मुलुखात आहेत. लावणीच्या रसिकांना मोडनिंब ठाऊक आहे ते इथल्या संगीत बारीमुळे. संगीत बारीत बायकांचीच पार्टी असते, पार्टीची मालकीणही बहुधा बाईच. पेटी, तबला, ढोलकी आणि पायात शेरांनी वजनाचे चाळ. समोर बसलेला माणूस दौलतजादा करतो तेव्हा रूप पाहूनच करतो, आणि बाहेर पडल्यावर त्याच रूपावरून तिला नावंही ठेवतो. कान्होपात्रेपासून यात फार फरक पडलेला नाही.

पण कलावंतिणींनीही आपलं उत्तर दिलेलंच आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरातच जन्मल्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच कळा आल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकिकत तमाशाच्या जगात सगळे सांगतात. तेव्हा प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला लावली म्हणे. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या. दुसऱ्या यमुनाबाई वाईकर. बैठकीच्या लावणीत नुसत्या डोळ्यांनी, भुवयांनी आणि बोटांनी अर्थ उभा करणं ही त्यांची खासियत. २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि त्या चेहऱ्याकडे बघत लोक तल्लीन! रूप ओसरतं म्हणतात. ज्या बाईने आपला चेहरा दुसऱ्याच्या नजरेवर न सोडता आपल्या कलेच्या कामी लावला, तिच्याजवळून ओसरण्यासारखं काही नसतं.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. केशवपन गेलं, आलवण गेलं. खरं आहे. पण बांगड्या फोडण्याची रीत एकविसाव्या शतकातही चालूच राहिली. इथेही सोलापूर जिल्ह्याचं नाव पुन्हा येतं. मोडनिंबाचा माढा तालुका, त्याच्या शेजारचा करमाळा. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडताना आणि कुंकू पुसताना पाहिलं. त्यांनी स्वतः स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की माझ्यामागे माझ्या पत्नीच्या बाबतीत हे काहीही करू नये. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी असे ठराव करावेत, असा त्यांनी आग्रह धरला. त्याला पहिला प्रतिसाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने दिला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

हा ठराव मोठा आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. उद्या एखाद्या गावाने ‘आता प्रत्येक विधवेने कुंकू लावलंच पाहिजे’ असा आग्रह धरला, तर तो जुनाच हुकूम नव्या कपड्यात आला असं होईल. एखादीला नवऱ्यामागे कुंकू लावावंसं वाटणार नाही, एखादीला हिरवा चुडा भरावासा वाटेल. एक केस पांढरे ठेवील, एक रंगवील. या साऱ्यांत निकाल ज्याचा त्याचा. ठरावाने केलं ते एवढंच, की गावाने आपला हात मागे घेतला. पुढचं काम त्या बाईचं, आणि ते सोपं नसतं. बाहेरच्या लोकांचा हुकूम पिढ्यान्‌पिढ्या आत मुरलेला असतो. आरशासमोर उभी राहिलेली बाई पुष्कळदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतच नाही. सासूच्या, शेजारणीच्या, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहते.

म्हणून वाचकहो, शेवटी तुम्हाला दोन-तीन अगदी घरगुती गोष्टी सुचवतो. तुमच्या घरी मुलगी पाहायला कोणी येतील, किंवा तुम्ही कोणाकडे जाल, तेव्हा रंगाचा आणि उंचीचा उल्लेख तोंडातून काढू नका. तिने काय शिकलंय, काय वाचलंय, तिला काय आवडतं, ते विचारा. हळदीकुंकू कराल तेव्हा शेजारच्या विधवा बाईला आमंत्रण आधी द्या, आणि ती आली तर नेहमीच्या जागी बसवा. घरातली लहान मुलगी ‘मी काळी आहे का गं?’ असं विचारत आली, तर ‘नाही गं, तू गोरीच आहेस’ असं खोटं समाधान करू नका. ‘आहेस बरं का सावळी, तुझ्या आजीसारखी,’ असं सांगा, आणि आजीने काय काय केलं ते तिला सांगत बसा.